वरील अभिप्रायाशी सहमत

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप व्यंकटराव यांना प्रल्हादचा नमस्कार.

(वयानं तुम्ही माझ्यापेक्षा चार महिन्यांनी धाकटे, पण बायकोचे थोरले भाऊ, तेव्हा नमस्कार मीच करायचा. जावयाच्या पाया तुम्ही पडायला हवं, असं आमच्या आईचं मत होतं. चाळीस वर्षांत त्याचा निकाल लागला नाही.) वहिनींचे गुडघे कसे आहेत? नाथसागरात पाणी किती, हे मी अजून रोज पेपरात बघतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी धरणाची टक्केवारी वाचल्याशिवाय चहा गोड लागत नाही. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र. सात वर्षांत पैठणची पावलं इकडे नाहीत आणि इकडची तिकडे नाहीत, त्यामुळे पाकिटावरचं अक्षर पाहून दचकाल. दचकू नका. तुमच्याकडून काहीएक नको आहे, आणि हे पत्र मी उमाला न सांगता लिहितो आहे.

बातमी अशी की तुमच्या बहिणीचं लिव्हर बिघडलं आहे. (आमच्या खात्यात मूळ मुद्दा चौथ्या पानावर लिहायची पद्धत होती, तुमच्यासाठी मोडली.) मार्चपासून तिच्या पायांना सूज यायला लागली, दोन पायऱ्या चढली की धाप लागायची. आमच्या केयूरनं पुण्याहून फोनवर हुकूम सोडला की मोठ्याच हॉस्पिटलात जा. गेलो. ते हॉस्पिटल आपल्या जुन्या टॉकीजच्या जागेवर उभं आहे. जिथं बाल्कनीचा जिना होता तिथं आता लिफ्ट आहे, आणि जिथं भजी मिळायची तिथं रक्त घेतात. लग्न ठरल्यावर आम्ही दोघं तिथं सिनेमाला गेलो होतो आणि राखण म्हणून तुम्ही मधल्या खुर्चीवर बसला होतात, आठवतं? मध्यंतरात आम्हा दोघांची भजी तुम्हीच खाल्लीत, कारण द्रोण एकीकडून दुसरीकडे जाताना तुमच्यापाशीच थांबायचा. नंबर लागायची वाट बघताना उमाला ते आठवलं आणि ती एकटीच हसायला लागली. सात वर्षांत तिच्या तोंडून तुमचा विषय तो पहिल्यांदा निघाला. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं.

आता घोटाळा ऐका. आतले डॉक्टर तरुण, घाईतले, नजर संगणकात. त्यांनी मान वर न करता विचारलं, "घेता का?" उमा म्हणाली, "घेते की." रोज? रोज, सकाळी उठल्या उठल्या एकदा आणि चारला एकदा. पाहुणे आले की त्यांच्याबरोबर आणखी. किती वर्षांपासून? तर लग्नाच्या आधीपासून, आईच द्यायची. सोडता नाही का येणार? त्यावर उमा मोकळेपणानं म्हणाली की एकदा चातुर्मासात सोडून पाहिलं होतं, पण डोकं फार दुखायचं. मी शेजारी बसून मान डोलवत होतो, कारण तो चातुर्मास मला चांगला आठवतो, डोकं तिचं दुखायचं आणि बोलणी मी खायचो. डॉक्टरांनी भराभर काहीतरी टाईप केलं, सोनोग्राफी केली, आणि तोंड पाडून सांगितलं की लिव्हर दगडासारखं झालंय, पुढंमागं बदलावं लागेल.

लिव्हर बदलायचं म्हणजे काय पायपुसणं आहे का? दुसऱ्याचा अभिप्राय घ्यायचं ठरलं. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांची फाईल चाळली, उमाला बाहेर बसवलं आणि मला हळूच विचारलं, "काका, तुम्हीही घेता?" मी म्हणालो, आम्ही बरोबरच घेतो, गॅलरीत बसून. समोर हर्सूलचा तलाव दिसतो, वारं येतं, त्यात मजा वेगळीच. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिसऱ्यांनी तर फाईलचं पहिलं पान पाहूनच आम्हाला व्यसनमुक्तीचं पत्रक दिलं. मला वाटलं, तंबाखूविरोधी सप्ताह असेल.

उलगडा केयूरनं केला. फाईलचे फोटो त्याला पाठवले होते, त्याचा लगेच फोन आला. म्हणाला, "बाबा, आई चाळीस वर्षं दारू पितेय असं लिहिलंय. आणि तुम्ही सोबत करता असंही." व्यंकटराव, मला राग यायला हवा होता, पण मला माझं टेबल आठवलं. चौतीस वर्षं मी फायलीवर 'वरील अभिप्रायाशी सहमत' असं लिहून सही ठोकली. वरचा अभिप्राय किती वेळा वाचला, ते माझं मला ठाऊक. बिडकीनच्या एका शेतकऱ्याची विहीर आमच्या कागदावर तीन वर्षं कालव्याच्या पलीकडे होती, कारण पहिल्यानं तशी लिहिली आणि खालच्या चौघांनी सहमती दिली, त्यात तिसरी सही माझी. बिचारा दर महिन्याला येऊन सांगायचा की साहेब, विहीर अलीकडंच हाय. मी त्याला अर्ज करायला सांगायचो. उमाच्या फायलीवर डॉक्टरांच्या सह्या बघताना त्याचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

उमाला हे सांगितलं तेव्हा ती आधी लाल झाली, मग म्हणाली की मला स्वतः वाचायचंय. चष्म्यातून अक्षर लागेना, नंबर वाढलेला. म्हणून गुलमंडीतल्या जुन्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, निव्वळ चष्म्यासाठी. त्यांनी तिची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि आत बघतच राहिले. मग विचारलं, लिव्हरचा काही त्रास आहे का? उमा माझ्या कानाशी लागून म्हणाली, "इथंही फाईल आली व्हय?"

फाईल आली नव्हती. त्यांनी तिच्या बुबुळाभोवतीची कड पाहिली होती. ती कड तुम्हाला सांगायला नको. पैठणला तिला बघायला आलो तेव्हा पोह्यांची बशी माझ्या हातात होती आणि उमानं एकदाच वर पाहिलं. डोळ्यांना बारीक सोनेरी जर लावल्यासारखी वाटली. पोह्यांत मीठ नव्हतं, हे मला दुसऱ्या दिवशी आईनं सांगितल्यावर कळलं. पुढं वेरूळच्या एस.टी.त, केयूरच्या बारशाला, माझ्या निवृत्तीच्या दिवशी, मी त्या डोळ्यांचं कौतुक करत आलो, आणि ते डॉक्टर शांतपणे म्हणाले, हे तांबं आहे.

त्यांनीच डॉ. मृण्मयी यांच्याकडे पाठवलं. या बाई लिव्हरच्या, वयानं केयूरएवढ्या. त्यांनी आमची फाईल घेतली, न उघडता बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "काकू, पहिल्यापासून तुम्हीच सांगा." मी खात्यात असतो तर या बाईंची शिफारस केली असती. मग रक्त झालं, आणि चोवीस तासांची लघवी झाली, जिचा कॅन मी हर्सूलहून स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये धरून नेला. सिग्नलला शेजारच्यानं विचारलं, काका, तूप गावाकडचं का? मी हो म्हणालो, नाहीतर फार समजवावं लागलं असतं.

आजाराचं नाव विल्सन. अन्नातून आलेलं तांबं शरीराला बाहेर टाकता येत नाही, ते लिव्हरमध्ये साठत जातं. लाखात दोन-चार लोकांना होतो, तोही बहुतेक तरुणपणी. साठीत सापडला म्हणून बाईंनाही नवल वाटलं. तांबं काढायच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. सूज उतरली आहे आणि लिव्हर बदलायचं सध्या तरी नाही. सध्या तरी, हे शब्द मी रोज रात्री अंथरुणावर दोन-तीनदा म्हणून बघतो. चहाला परवानगी आहे.

तांब्याची भांडी वापरू नका म्हणाल्या. भांड्यांमुळं आजार झालेला नाही, पण भर कशाला? पंचवीस वर्षं मीच तिला रोज सकाळी तांब्याच्या तांब्यातलं पाणी पाजत आलो, प्रकृतीला चांगलं म्हणून. तेव्हा सगळं माळ्यावर गेलं, आणि त्यात तुमच्या आईंचा तो बंबही गेला, ज्याच्यावरून सात वर्षं आपण एकमेकांची तोंडं पाहिली नाहीत. तो मी स्वतः उचलून ठेवला. ठेवताना माझा पहिला दिवाळसण आठवला. पहाटे तुम्ही बंबात छिलके घालत धुरानं खोकत बसला होतात आणि थंड पाणी मिसळायचं विसरून तसंच माझ्या पाठीवर ओतलंत. मी ओरडलो, उमा दाराआड हसली, आणि सासूबाईंनी तुम्हाला सगळ्या गल्लीदेखत झापलं. असली पहाट पुन्हा कुठून येणार? ते दिवस फार चांगले होते, व्यंकटराव, आणि आपण ते उगाच घालवले. सासूबाईंच्या मागं बंब आमच्याकडं आला त्यात चूक आमची होती, हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
प्रल्हाद

ता. क. तुमच्याकडून काही नको असं वर लिहिलं आहे. ते खोटं आहे. हा आजार आई आणि वडील दोघांकडून येतो, आणि सख्ख्या भावंडाला असायची शक्यता चारात एक. डोळ्यांची कड तुमचीही तशीच आहे, आणि अभिषेकाची पळी धरताना तुमचा हात थरथरतो असं तुमची लेक निशा केयूरला फोनवर सांगत होती. तुम्ही ते वयावर घालता. तपासून घ्या. हात जोडतो.

ता. क. दुसरा. उमाला न सांगता लिहितो आहे, हेही खोटं आहे. बाईंनी भावंडं विचारली तेव्हा ती "नाहीत" म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं खिडकीकडे. परत येताना क्रांती चौक आला. तिथं ती माझ्या पाठीवर थोपटून म्हणाली, गाडी वळवा. दवाखाना बंद होत आला होता. तिनं फाईल मागून घेतली, 'नाहीत' वर स्वतःच्या हातानं काट मारली आणि लिहिलं, 'एक. व्यंकटराव. सख्खा.' तुमचा नंबर येत्या मंगळवारी अकराचा आहे, तिनंच लावला. मी म्हणालो, ते येतील का पण? तर म्हणाली, "त्याला लिहा, मी बोलणार नाय त्याच्याशी. नुसती शेजारी बसंन."