व्हय म्हणायला माणूस हवा

चि. अनंत यास,

तुझ्या सुलोचना वहिनीचे आशीर्वाद. तू मयेला खुशाल असशील असं धरून चालते, कारण मी पाठवलेल्या प्रत्येक मेसेजवर त्या दोन निळ्या खुणा अगदी वेळेवर येतात, म्हणजे डोळे आणि अंगठा तरी शाबूत आहेत. पाकीट बघून तू दचकला असशील, तर दचकायलाच हवं होतं. आपल्या घरात भांडण होतं ते बोलीत आणि कागद निघतो तो मराठीत. तो कागद एक तर लग्नाची पत्रिका असतो, नाहीतर बाराव्याचं बोलावणं. लग्नाचं तर आपल्याकडे कोणी राहिलेलं नाही (तू सोडून, आणि तुझ्या लग्नाचं तू आम्हाला कळवशील असं वाटत नाही). तेव्हा आधीच सांगते, कोणी गेलेलं नाही. अजून.

चवथीनंतर आबांना झटका आला हे तुला ठाऊक आहे. म्हापशाच्या हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत येऊन तू बापाला न बघताच परत फिरलास, हे आपल्या शेजारच्या गौरेशने टॅक्सीत बसून बघितलं. (मी कोणाला सांगितलं नाही. गौरेशने सगळ्यांना सांगितलं.) उजवी बाजू लुळी पडली ती थोडी सुधारली, पण वाचा गेली ती गेलीच. तिथे वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणारी एक बाई चित्रांचे पत्ते घेऊन यायची. मुलगी गुणी होती, पण तिला येई हिंदी आणि इंग्रजी, आणि आबांचं हिंदी तुला माहीत आहेच. तिने सफरचंद दाखवलं, विमान दाखवलं, बर्फात बांधलेलं घर दाखवलं. आबा बघत राहिले. शेवटी तिने कागदावर लिहून दिलं की आता शब्द परत येतील याची फारशी आशा धरू नका. ते इंग्रजीत होतं म्हणून तुझ्या दादाने वाचून दाखवलं आणि मागीलदारी जाऊन लाकडं फोडत बसला. लाकडं फोडायची गरज नव्हती, गॅस भरलेला होता.

आणि मग एका सकाळी मी सोलकढीसाठी नारळ काढला, विळी आणायला वळले आणि नारळ तसाच आबांच्या खाटेसमोर जमिनीवर ठेवला. मागून आवाज आला. तोच, देवळात गाऱ्हाणं घालतानाचा, पोटातून येणारा. बघते तर डावा हात वर, डोळे मिटलेले, आणि म्हणताहेत, "बा देवा बारा-पाचाच्या महाराजा, आज जी ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे उबी आसत, तेंच्यार काय इडा-पिडा, वायट-वंगाळ आसात तर ता भायल्याभायर काड रे महाराजा..." माझ्या हातातून विळी पडली. पण इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप जोडले गेले आणि तोंडातून निघालं, "व्हय महाराजा!" तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले आणि पुढचं वाक्य घेतलं.

अनंत, तेव्हापासून आपल्या घरात सगळा व्यवहार गाऱ्हाण्यातून चालतो. साधा शब्द त्यांना फुटत नाही. समोर नारळ हवा, हात जोडून उभा माणूस हवा, आणि प्रत्येक ओळीला व्हय हवा. व्हय आला नाही तर ते तिथेच अडकतात, हात वरच्या वर राहतो. सकाळचा चहा असा मागतात, "जी काय ही च्या इली आसा, तेतूंत कोण साकर घालूंक इसारला आसात, तर तेका बुद्दी दी आनी च्या गोड कर रे महाराजा!" डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. मी मोठ्याने व्हय महाराजा म्हणते आणि तोच बिनसाखरेचा चहा पाजते. रोज सकाळी उठून देवासमोर खोटं बोलणारी सून या वाड्यावर मी एकटीच असेन. पाव घेऊन येणारा पोदेर तर परमुलखातला, त्याला ना आपली बोली येते ना मराठी. पण आबा जनेलाच्या गजांतून उंडे पाव मागू लागले की तो सायकल लावतो, चप्पल काढतो, हात जोडून व्हय महाराजा म्हणतो आणि मगच भोंपू वाजवून पुढे जातो. त्याला बहुतेक वाटतं की या घरात पाव असाच घ्यायची रीत आहे.

बातमी पसरायला किती वेळ लागतो? घराकडे देव आलाय असं म्हणत लोक आपापले नारळ घेऊन येऊ लागले. कोणाच्या काजूला मोहोर नाही, कोणाच्या पोराला परदेशचा व्हिसा मिळत नाही. मी हातांची कदेल दारात आडवी टाकून तिच्यावर बसले तरी बाजूने येत होते. देवळात आता आबांच्या जागी तो पोरगा ओंकार गाऱ्हाणं घालतो, तेही मोबाइलवर बघून. मागच्या खेपेला नेमकं इडा-पिडा म्हणताना त्याला फोन आला आणि लोकांनी त्या वाजण्यालाच व्हय महाराजा म्हटलं. मग लोक आबांकडे येणार नाहीत तर काय करतील?

हे सगळं हसण्यासारखं आहे, आणि मी हसतेसुद्धा. पण संध्याकाळचं काय करायचं ते मला कळत नाही. दिवा लावला की आबा घरचं गाऱ्हाणं घालतात. तुझ्या दादाचं नाव घेतात, माझं घेतात, आमची सेजल बारावीला आहे म्हणून तिच्यासाठी दोन ओळी जास्त घालतात, गाईचंसुद्धा नाव घेतात. मग म्हणतात, "आनी जो हो तुजो लेकरू..." आणि थांबतात. समोर बघतात. ज्याचं गाऱ्हाणं, तो समोर उभा लागतो ही रीत त्यांनीच आयुष्यभर पाळली. समोर कोणी नसतं. हात वरच राहतो, मग मी तो धरून हळूच खाली आणते.

आम्ही काही उपाय केले नाहीत असं समजू नकोस. तुला व्हिडिओ कॉल लावला, तो तू कापलास. तुझा जुना चौकड्यांचा शर्ट घालून तुझा दादा उभा राहिला. आबांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. (दादाला तो शर्ट पोटावर होत नव्हता हेही खरं.) शेवटी अंगकाठी तुझ्यासारखी म्हणून गौरेशला उभा केला, तर त्याच्या टॅक्सीला गिऱ्हाईक मिळू दे म्हणून लांबलचक गाऱ्हाणं झालं. टॅक्सी खरंच जोरात चालली आहे. तुझी जागा काही भरली नाही.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. आबांनी जत्रेत सगळ्या गावासमोर घराघरातल्या पोरांची नावं घेतली आणि तुझं तेवढं गाळलं. गाळलंच. मी तिथेच उभी होते. पण त्याच्या आदल्या वर्षी त्यांचं गाऱ्हाणं नाचाच्या गाण्यावर बसवून फोनवर कोणी सोडलं होतं? ते व्हिडिओ-बिडिओ त्यांना काय कळतंय? त्यांना कळलं ते पेडण्याच्या बाजारात. बांगड्याचा भाव विचारला तर मासळीवाली "व्हय महाराजा!" म्हणून हसली, आणि तिच्या बाजूच्याही हसल्या. आबा पिशवी तशीच घेऊन घरी आले. त्या दिवशी आम्ही कोणी मासळी खाल्ली नाही. तू ‘चुकलो’ एवढा एक शब्द बोलला असतास तर पुरलं असतं. तू बोलला नाहीस, तेही बोलले नाहीत. बापलेक दोघांचंही तोंड तेव्हा धडधाकट होतं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

मी आमोण्याहून या घरात आले तेव्हा तू आठवीत होतास. इकडची बोली मला धड कळत नव्हती आणि सगळे माझ्या बोलण्याला हसायचे. तू तेवढा हसला नाहीस. शाळेतून आलास की शेजारी बसून इथे कशाला काय म्हणतात ते सांगायचास. ते आठवतं म्हणूनच हे लिहिते आहे, नाहीतर तुझं तोंड बघायची मला हौस नाही.

बाकी सर्व ठीक. सेजलचा नमस्कार. दादाने काही सांगितलेलं नाही, पण मी पत्र लिहीत असताना तो तीनदा पाणी प्यायला आत आला.

तुझी,
सुलोचना वहिनी

ता. क. येताना नारळ घेऊन ये. साफ सोललेला नको, शेंडीचा. आपले सगळे गावाच्या गाऱ्हाण्यांत संपले.

ता. क. तुला काही बोलावं लागणार नाही, माफीसुद्धा मागायची नाही. समोर उभं राहायचं आणि व्हय महाराजा म्हणायचं. ते तुला येतं, सगळ्या गोव्याला तूच ऐकवलंस.

ता. क. आबा रोज गाऱ्हाणं घालतात असं वर लिहिलंय, ते आता खरं नाही. गेल्या सोमवारपासून ते शब्दही गेले. आता नुसता हात उचलतात. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं नसतं, म्हणून संध्याकाळी दार लावून घेते आणि शब्द मीच घालते. व्हय तेवढं ते म्हणतात, तेवढंच राहिलंय. काल दादाच्या नावाला व्हय म्हणाले, सेजलच्या नावाला म्हणाले, गाईला म्हणाले. मग मी तुझं नाव घेतलं. व्हय आला नाही, ते लावलेल्या दाराकडे बघत राहिले. नारळ राहू दे. शोधत बसू नकोस, तसाच नीघ.