पायांकडे पाहणारे दोघे

प्रिय पंचीणबाई,

(हा शब्द कोशात नाही. तू शाळेत असताना तुझ्या बाबांनी तो तुझ्यासाठी पाडला आणि मी आजवर खपवून घेतला, एवढेच.)

बाबांवरचा स्मरणलेख छापायला देण्यापूर्वी माझ्याकडे तपासायला पाठवलास, हे योग्य केलेस. व्याकरणाच्या चुका पेन्सिलीने दाखवल्या आहेत. त्या थोड्याच आहेत. मजकुरातल्या दोन चुका मात्र पेन्सिलीने भागण्यासारख्या नाहीत. तू लिहितेस, ‘बाबा आणि काका या पंचांच्या जोडीत कधी मतभेद झाला नाही.’ आणि पुढे, ‘समितीने बाबांना अन्यायाने घरी बसवले.’ दोन्ही विधाने प्रेमाने लिहिलेली आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत.

मतभेदावाचून आमचा एकही सामना पार पडला नाही. बास्केटबॉलमध्ये धक्का कोणी दिला आणि कोणी खाल्ला, हे ठरवणे सर्वांत अवघड. बचाव करणारा दोन्ही पाय टेकवून, चेंडूवाल्याकडे तोंड करून आधी उभा राहिला असेल, तर ती जागा त्याची. त्याच्या छातीवर येऊन आदळणारा दोषी. चेंडूवाल्याने उडी घेतल्यावर तो मध्ये सरकला असेल, तर दोष त्याचा. नियम एवढाच, पण घडते ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोवर, आणि मैदानाच्या दोन टोकांना दोन निरनिराळी माणसे शिट्टी घेऊन उभी. म्हणून सामना संपला की खानावळीत मीठदाणी आणि मिरपूडदाणी समोरासमोर ठेवून आम्ही प्रत्येक धडक पुन्हा घडवत असू. तुझे बाबा मीठ सरकवत म्हणत, “अरे शहाण्या, हा आधीच उभा होता, तुझी मान उशिरा वळली!” मी म्हणे, “उभा कसला? एक पाय हवेत होता. चष्मा पूस.” वाढपी वैतागे, जेवण निवे. पण भांडून एक व्हायचे आणि मगच उठायचे, हा परिपाठ होता. लोक ज्याला आमचे एकमत म्हणत, ते असे शिजत असे. “नजर चेंडूवर गेली की पंचाचा प्रेक्षक झाला,” हे बाबांचे वाक्य तू लेखात घेतले आहेस. ते जसेच्या तसे ठेव.

आता दुसरी चूक. शेवटच्या हंगामात बाबा पाय पाहीनासे झाले. जो पडेल तो बिचारा, असा निवाडा होऊ लागला. त्यांच्या शेवटच्या, उपांत्य सामन्यात अगदी एकसारख्या दोन धडका झाल्या. एका टोकाला त्यांनी बचाववाल्याला दोषी ठरवले, दुसऱ्या टोकाला चेंडूवाल्याला. पाहुण्या संघाचा कर्णधार म्हणाला, “साहेब, कुठल्या बाजूला कुठला नियम, ते फळ्यावर तरी लिहून ठेवा!” सगळे हसले. बाबाही हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले.

आमच्यात जुना करार होता: ज्याची नजर ढळेल त्याला दुसऱ्यानेच सांगायचे. समितीने नव्हे, प्रेक्षकांनी तर मुळीच नव्हे. कपडे बदलायच्या खोलीत मी सांगितले, “तू आज चेंडू बघत होतास.” ते बुटाची नाडी सोडत होते. नाडी सुटली तरी सोडतच राहिले. मग विचारले, “कधीपासून?” मी म्हणालो, हंगामाच्या सुरुवातीपासून. “मग इतके दिवस गप्प का बसलास, गाढवा?” राजीनामा त्यांनी तिथेच, माझ्या पेनाने लिहिला. शुद्धलेखन मी तपासले. समितीने नंतर फक्त होकार दिला.

ते माझ्यावर रागावले नाहीत. पण मीठदाणी पुन्हा सरकली नाही. आजारपणात मी उशाशी बसे आणि आम्ही हवापाण्याविषयी बोलत असू. मी म्हणेन त्याला ते मान डोलवत. तुझे ‘मतभेद झाला नाही’ हे वाक्य त्या महिन्यांपुरते बिनचूक आहे.

नव्या पंचांच्या परीक्षेत गुण देण्यासाठी समितीने मला बोलावले आहे. परवा सराव सामना पाहत होतो. एक चेंडू इतका सुरेख जाळीतून उतरला, की मी टाळी वाजवली. शेजारचा म्हणाला, “काय धडक झाली हो!” मी ती पाहिलीच नव्हती. हे मला ज्याने सांगायचे, तो आता नाही. म्हणून हे पत्र. तू आता स्वतः पंच आहेस. परीक्षेपूर्वी एक सामना माझ्या शेजारी बसून पाहा. खेळ पाहू नकोस, माझी नजर पाहा. मग आडपडदा न ठेवता सांग. मी तुझ्या बाबांपेक्षा चिडका आहे, तरीही सांग. माया म्हणून गप्प राहू नकोस.

तुझाच,
काका

लेखातील तारखा अशा दुरुस्त कराव्यात:

आमचा पहिला सामना: ४ मार्च नव्हे, ११ मार्च. चार तारखेला मैदान ओले असल्यामुळे खेळ झालाच नाही.

बाबांचा शेवटचा सामना: २२ जानेवारी नव्हे, २० जानेवारी.

निवृत्ती: २० जानेवारी, स्वतःच्या सहीने. २२ ही समितीच्या ठरावाची तारीख, ती गाळावी.

बाबांची आणि माझी शेवटची भेट: तू ३ ऑगस्ट लिहिले आहेस. मला ५ वाटते. विचारावे असे कोणी नाही. तुझीच तारीख राहू दे.