लाहूमामांच्या चिकूवरचं यंत्र

उधवा, ५ एप्रिल २०१७

तीर्थस्वरूप लाहूमामांस,

उधव्याहून भाचा प्रविणचा वाकून नमस्कार. इकडे एक कॉम्प्युटर सोडला तर सगळे खुशाल आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? चिकूवर वटवाघळं अजून येतात, की परवा मी दिलेल्या हिरव्या यंत्राला घाबरून पळाली? (फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही.)

तर मामा, त्या दिवशी मी डहाणूला गेलो होतो तो कॉम्प्युटरचा मदरबोर्ड बदलायला. वीज एकदम वाढली आणि जुना जळला. दीपेशने त्याच्या दुकानात नवा बसवून दिला, परतीला सरावलीत तुमच्याकडे चहा झाला, पिशवीभर चिकू मिळाले आणि मी ऐटीत घरी आलो. पत्रिका छापायचं सॉफ्टवेअर उघडलं तर ते म्हणतं, हा कॉम्प्युटर मी ओळखत नाही. (दर दसऱ्याला झेंडूचा हार घालतो मी त्याला, आणि ओळखत नाही!) पेटी तीच, पडदा तोच, तुमच्या भाचेसुनेने, सुषमाने लावलेलं कुंकूसुद्धा तेच. तरी अडून बसलं. छापतं, पण प्रत्येक कागदावर आडवं 'विनापरवाना प्रत' असं उमटवतं. आणि आत पत्रिका कोणाची? तुमच्याच लेकीची, आपल्या शितलची. लग्न वैशाखात, वाटप पुढच्या आठवड्यात, आणि नवरा-नवरीच्या नावांवरून आडवं 'विनापरवाना'! नवऱ्याकडची माणसं गुजरातच्या हद्दीतली असली तरी एवढं मराठी त्यांना वाचता येतं. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

मग कंपनीला फोन लावला. बाई म्हणाल्या, परवाना एकाच कॉम्प्युटरपुरता आहे आणि आमच्या लेखी मदरबोर्ड बदलला की कॉम्प्युटर बदलला. अटी तुम्ही मान्य केल्यात. (केल्या. अकरा पानं होती, मी एक बटण दाबलं.) मी म्हटलं, "बाई, नांगराचा फाळ बदलला तर शेत दुसऱ्याचं होतं काय?" त्या म्हणाल्या, "फाळ नाही सर, तुम्ही बैल बदललात." शेतकऱ्याच्याच घरच्या निघाल्या! मग त्यांनीच नववं कलम वाचून दाखवलं: जुना बोर्ड बंद पडला तर परवाना नव्यावर हलवून मिळणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. हक्क म्हटल्यावर मी खुर्चीतून उभाच राहिलो. फक्त जुन्या बोर्डाच्या पाठीवरचा नंबर शनिवारपर्यंत कळवायचा. बोर्ड कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कपाटात जपून ठेवलाय.

बाकी सगळं ठीक. मामींना नमस्कार, शितलला आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
प्रविण

ता. क. पत्र घेऊन सुषमा येते आहे, तिला शिडी द्या. वटवाघळांवरचं खास परदेशी यंत्र म्हणून मी दिलं ते खोटं होतं. तो माझा जळका बोर्ड आहे. नंबर तेवढा उतरवून द्या.

दुसरा ता. क. वटवाघळं खरोखर कमी झाली असतील तर यंत्र परत टांगा. चिकू मात्र परत मागू नका, संपले.

तिसरा ता. क. मी निघालो तेव्हा तुम्ही नारळ फोडून यंत्राला शेंदूर फासत होतात आणि मीही बाजूला हात जोडून उभा होतो. पाठीला लागला असेल तर खोबरेल तेलाने हळूच पुसा, मामा. त्याच्याखाली शितलचं लग्न आहे.