पोटाचा पट्टा

सोनाळा, चैत्र

सौ. अन्नपूर्णा,

तुले वाचता येत नाही. हे पत्र पाठवलं त तुया भाऊ ओसरीवर बसून मोठ्यानं वाचीन, अन् माया आतड्याची गोष्ट सारं सुलतानपूर ऐकीन. म्हणून मी हे पेटीत टाकणारच नाही.

जेवलं की पोट खाली ओढल्यावानी दुखे. बेंबी सरकली म्हणून लोकायनं पोटावर दिवा ठेवून वरून लोटा पालथा लावला, का बेंबी वर ओढल्या जाईन. काही झालं नाही. मंग खामगावच्या डाक्टरनं पांढरी दवा पाजून फोटो काढला. म्हणे, आतडी जाग्यावरून खाली उतरली. आता खाटेच्या पायथ्याकडच्या दोन्ही खुरायखाली इटा ठेवून झोपतो. सकाळी उठायच्या आधीच पोटाले पट्टा बांधा लागते. मी तो धोतरासारखा उभ्यानंच कसला, त आतडी खालीच दाबल्या गेली अन् दुखणं वाढलं. डाक्टर खवळला, "निजूनच बांधा, आणि टोक दुसऱ्यानं ओढायचं!"

दुसरं कोण हाय इथं? तुयी भावजय वारली, तिचे लेकरं तुया गळ्यात. त्याइले सोडून ये, असं कोणत्या तोंडानं म्हणू?

पट्ट्याचं टोक खाटेच्या खुराले बांधतो अन् पडल्या पडल्या दुसऱ्या अंगाले सरकतो. मस्त आवळते.

काल डाक्टरनं पट्टा पाहून इचारलं, "कोण बांधतं?"

"बायको."

"बाईंचा हात चांगला आहे. त्यांनाच बांधू द्या."

मी हाव म्हणलं.

तुया,
उकंडराव