वाचवलेला ऊस

९ फेब्रुवारी, डेपो
रजा मंजूर! साहेब कुरकुरले — "फायर सुपरवायझर नसला की दारूगोळ्याच्या शेडभोवतीचं गवत कुणी कापत नाही." नाही कापत, खरंय. पण दोन वर्षं झाली घरी जाऊन. जातोच.

११ फेब्रुवारी, तेलगाव
धाकट्या भावाचा, बंकटचा ऊस अजून उभाच. तुरे आलेत, वजन घटत चाललंय, आणि कारखान्याची तोडणी टोळी काही येईना. मी नोकरीला गेलो तेव्हा या रानात कापूस होता. बंकट धड बोलत नाही. जेवताना एवढंच — "तू कदी जाणार?" आल्या दिवशी हे विचारतात का!

१३ फेब्रुवारी
दुपारी उसातून धूर! चहा टाकून पळालो. माणसं बांधावर नुसती उभी! शिव्या घातल्या, शेजारच्या नाथाचा ट्रॅक्टर घालून मधल्या उसाचा पट्टा आडवा केला, आग तिथंच तुटली. अर्धा ऊस वाचवला. इतकं चोख काम डेपोतल्या ड्रिललाही होत नाही!

पण शाब्बास कुणी म्हणेना. बंकट पाय आपटत घरी गेला. माझ्या हाताच्या फोडांना तूप लावताना आई म्हणाली, "तुला कुनी बोलावलं व्हतं रे?" काय चाललंय काय?

१४ फेब्रुवारी
ऋतुजा, बंकटची बायको, ताट आदळून जाते. विजेच्या ठिणगीनं पेटलं असेल म्हणून बघून आलो, तर उसावरून तारच जात नाही. मग वैरी कोण? "पोलिसात जातो," म्हणालो, तर आई घाबरीघुबरी झाली. माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय.

१५ फेब्रुवारी
नाथानं फोडलं एकदाचं. "कसा बे तू मुंजाजी! जळका ऊस कारखाना आदी नेतो. बंकटनंच पेटवलता!"

मी हातावरचे फोड बघत बसलो.

संध्याकाळी टोळी आलीच. जळका ऊस तोडला, ट्रकात भरला, गेली. हिरव्याचा नंबर कधी, मुकादमालाही माहीत नाही. बंकट अखेर बोलला — "जळला त्यो माजा. वाचवला त्यो तुजा. तूच तोड आता."

१६ फेब्रुवारी
राग येतोय. त्याचा की माझा, कळत नाही. आग दिसली की विझवायची, मला एवढंच येतं. विचारायला हवं होतं का? पण आग लागल्यावर कोण कुणाला विचारत बसतं! आणि सांगितलं का नाही मला? मी परका का?

रडलो थोडा. गोठ्यात.

१८ फेब्रुवारी
सकाळी वारा पडलेला. वाचवलेल्या उसाच्या चारी बाजूंनी पट्टा साफ केला, पाण्याचा टँकर बांधाला लावला, आत कुणी माणूस-जनावर नाही ना, फिरून बघितलं. बंकट काडेपेटी घेऊन आला.

"आण इकडं," म्हणालो.

काडी मी ओढली.