नावावरचा अंगठा

मी, वेंडेल ऑस्कर हॉगलुंड, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार कॉटनवूड फोर्क, राज्य मोंटाना, धंदा पूर्वी विहिरींचे पंप दुरुस्त करणे व हल्ली खिडकीशी बसून रस्ता बघणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने निळ्या शाईत लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. कोणाचा धाक नाही, कोणाची भीड नाही, आणि दोन कप कॉफीखेरीज पोटात काही नाही. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी कुणालाच काही ठेवले नव्हते, कारण ती लिहिताना मी रागात होतो.

कलम १. मला आर्डिसच्या शेजारी पुरावे. आर्डिस माझी बायको, नऊ वर्षांपूर्वी गेली. दगडावर माझे नाव आधीच कोरलेले आहे, फक्त साल भरायचे आहे. पाद्रीबुवांनी भाषण आटोपते घ्यावे. नंतर सगळ्यांना कॉफी आणि लेफ्से, म्हणजे आमची बटाट्याची पातळ पोळी, द्यावी, आणि लोण्याला हात आखडू नये.

कलम २. या कागदाची अंमलबजावणी मर्ना स्टुबे हिने करावी. गावातले पशुखाद्याचे दुकान तिचे. तोंडाने फटकळ, पण हाताची स्वच्छ. मी तिला विचारायला गेलो तेव्हा म्हणाली, "वेंडेल, चाळीस वर्षांत माझा एक शब्द ऐकला नाहीस. मेल्यावर तरी ऐकशील का?" मी म्हणालो, "उलट बोलणार नाही, एवढं नक्की." त्यावर तिने होकार दिला.

कलम ३. पिकअप गाडी आणि पान्यांचा लाल पेटारा शेजारच्या ऑरिनला. क्लच हळू सोडावा, हे त्याला शंभरदा सांगितले आहे. ही एकशे एकावी वेळ. खांबांसाठी खड्डे खणायचे यंत्र माझा चुलतभाऊ बर्डेट याला. ते त्याने १९८८ साली "दोन दिवसांकरता" नेले होते आणि आजतागायत त्याच्याच कोठारात आहे. तरी देतो आहे, म्हणजे इतकी वर्षे ते माझे होते हे त्याला निदान आता तरी कळेल.

कलम ४. बंदुका. माझ्याकडे अकरा आहेत, आणि त्यांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे. कागद माझा आहे, शाई माझी आहे, मर्नाने सुस्कारे सोडू नयेत.

आमच्याकडे एका माणसाने दुसऱ्या माणसाला बंदूक विकली तर ती त्या दोघांतली गोष्ट. दुकानदाराला वही ठेवावी लागते, आम्हाला नाही. एकच पाहायचे असते की घेणारा याच राज्यातला आहे आणि वयाने पुरता आहे. म्हणून तो आपले गाडीचे लायसन्स दाखवतो, आणि दाखवताना नावावर आणि पत्त्यावर अंगठा ठेवतो. आपण राज्य बघायचे, जन्मतारीख बघायची, मान हलवायची. अंगठ्याखाली डोकावणे म्हणजे दुसऱ्याच्या पत्रात डोकावणे. गाडीचा नंबर सोडाच, रंगसुद्धा पाहायचा नाही. ही रीत मला माझ्या वडिलांनी शिकवली, आणि मी ती पन्नास वर्षे देवाच्या आज्ञेसारखी पाळली. सरकारने नावे नोंदवावीत असा विषय निघाला तेव्हा गावच्या सभेत मी टेबल इतके बडवले की पाण्याचा जग खाली आला.

आता जे लिहायचे टाळत होतो ते लिहितो.

१९९७ साली, मोठ्या गावच्या मैदानावरच्या बंदुकांच्या बाजारात, मी एका तरुणाला एक पिस्तूल विकले. अंगठा नावावर. वय बावीस. सुटे पैसे परत न घेताच तो वळला; मला वाटले, घाई आहे. त्याच महिन्यात माझी मुलगी लेनोरा रोज रात्री जेवताना कॉलेजातल्या डेन नावाच्या मित्राबद्दल बोलायची. डेन वर्गात येत नाही. डेन जेवत नाही. डेनची मला काळजी वाटते. मी बटाटे खात ऐकायचो. बाजारानंतर चौथ्या दिवशी डेन गेला, स्वतःच्याच हाताने, मी विकलेल्या त्या पिस्तुलाने. पिस्तुलाच्या नंबरावरून शेरीफने दुकानदाराची वही गाठली, आणि वहीवरून माझे दार.

लेनोरा स्वयंपाकघरात उभी होती. ती रडत नव्हती, हे मला जास्त लागले.

"बाबा, नाव विचारलं असतंत तर?"

"आपल्यात नाव विचारत नाहीत."

"महिनाभर मी तुमच्या पानासमोर बसून ते नाव घेत होते. त्यानं नुसतं 'डेन' म्हटलं असतं तरी तुमचा हात थांबला असता."

"तो नियम आहे, लेनोरा. सरकारला—"

"सरकार कुठं होतं तिथं? तुम्ही दोघंच होतात."

यावर मी काय बोललो? मी म्हणालो, "ज्याला माझ्या घरच्या रीती पटत नाहीत, त्याला दार उघडं आहे." ती त्याच आठवड्यात गेली. अठ्ठावीस वर्षे झाली. दार मी अजून कुलूप न लावता ठेवतो, पण हे तिला कोण सांगणार?

पुढे २००० पासून दर नऊ एप्रिलला आर्डिस बदामाचा केक करायची. वर नाव नाही, मेणबत्ती नाही. टेबलावर ठेवायची आणि माझ्याकडे बघत बसायची. मी दोन तुकडे खायचो, चांगला झालाय म्हणायचो. सतरा केक खाल्ले मी. कुणाचा वाढदिवस आहे, हे एकदाही विचारले नाही. आमच्या घरात लेनोराचा विषय मी बंद केला होता, आणि त्या केकला लेनोराचा वास येत होता.

आर्डिस गेली. तिची पॉइंट बावीस बोअरची छोटी रायफल कपाटात पडून होती. दस्त्यावर तिने खिळ्याने ए. एच. कोरले होते, आणि खाली एक खोक आहे. एकदा पायरीवर साप निघाला, तर हिने गोळी न झाडता दस्त्यानेच त्याला चेचला. "एका सापासाठी गोळी कशाला वाया घालवायची?" अशी बाई. ती रायफल मला बघवेना, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात मी मर्नाच्या दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी लावली: आजीबाईची रायफल विकणे आहे, हॉगलुंड, दगडी पुलाजवळ.

तिसऱ्या दिवशी, दुपारी, एक मुलगी आली. उंच. कपाळ रुंद. मी कॉफी दिली. ती रायफल हातात घेण्याआधी घरच बघत राहिली: पियानो, चुलीवरचे घड्याळ, आर्डिसचा फोटो. फोटोपाशी फार वेळ थांबली. मला वाटले, हल्लीच्या मुलांना जुन्या वस्तूंचे वेड असते.

"ही कुणाची होती?" तिने दस्त्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत विचारले.

"माझ्या बायकोची."

"पियानो त्याच वाजवायच्या?"

"नाही. तो दुसऱ्या कुणाचा."

मी किंमत सांगितली. तिने घासाघीस केली नाही, आणि ती रायफलीसाठी आलेली नाही हे मला तेव्हाच कळायला हवे होते, कारण मोंटानात जन्मलेले माणूस घासाघीस केल्याशिवाय पेरूसुद्धा—चुकलो, सफरचंदसुद्धा घेत नाही. (पेरू मी उन्हाळ्यात फ्लोरिडात एकदाच खाल्ला. मर्ना, हे खोडू नकोस, लिहिताना मन भरकटते आणि मला जरा भरकटायला हवे होते.)

तिने लायसन्स काढले. अंगठा नावावर. रीत तिला कुणीतरी नीट शिकवलेली होती. मी तारीख वाचली.

"नऊ एप्रिल," मी म्हणालो. "आमच्याकडे त्या दिवशी केक व्हायचा."

तिने मान वर केली. "कुणासाठी?"

"कधी विचारलं नाही बुवा."

तिने लायसन्स आणखी जरा पुढे धरले. मग म्हणाली, "माझं नाव नाही विचारणार?"

आणि मी हसलो. देवा रे, मी हसलो. म्हणालो, "नाव विचारायला मी काय शेरीफ आहे? अंगठा राहू दे तिथंच, पोरी. या घरात तुला कुणी नाव विचारणार नाही."

तिचा अंगठा जागचा हलला होता. माझ्या डोळ्यांनी पाहिले मी, एक अक्षर उघडे पडले होते, आणि मी सभ्य माणूस म्हणून मान दुसरीकडे वळवली. "मग राहू दे," ती म्हणाली. रायफल घेतली, कप स्वतः विसळला, दारात एकदा वळून बघितले आणि गेली.

या वर्षी फेब्रुवारीत, त्या बदामाच्या केकची कृती शोधताना, आर्डिसच्या पाककृतींच्या डब्यात तळाशी एक कार्ड सापडले. अक्षर लेनोराचे. "आई, मुलगी झाली, नऊ एप्रिलला. कपाळ तुझंच. नाव तुला फोनवर सांगितलंच आहे. बाबांना आपण होऊन सांगू नकोस. ते विचारतील तेव्हा सांग."

म्हणजे सतरा वर्षे आर्डिस केक पुढे ठेवून वाट बघत होती, मी कधी विचारतो त्याची.

कार्डावरच्या पत्त्यावर मी पत्र पाठवले, ते परत आले. आर्डिस फोन करायला मर्नाच्या दुकानात जायची, म्हणून मर्नाला विचारले, "तुला त्या पोरीचं नाव माहीत असेल." ती म्हणाली, "वेंडेल, नावं विचारू नयेत हे तूच गावाला शिकवलंस. मी नाही विचारलं." आणि पहिल्यांदाच मला टोमणा न मारता तिने माझा हात धरला. वकिलाने लायसन्सच्या कचेरीत चौकशी केली. नुसत्या जन्मतारखेवरून आम्ही कुणाचे नाव देत नाही, असे उत्तर आले. बरोबरच आहे. त्यासाठीच तर मी टेबल बडवले होते.

माझे मत बदललेले नाही. सरकारच्या वहीत माझे नाव नको, तुमचेही नको. पण सरकारला न सांगणे वेगळे आणि समोरच्याला न विचारणे वेगळे, हे मला एक्याऐंशीव्या वर्षी कळले. मला त्या पोरीची फार आठवण येते. रस्त्यावर गाडी वळली की उठतो. हाक मारावी म्हणतो, तर हाक मारायला नाव नाही.

म्हणून असे ठरवतो: अकराही बंदुका मर्नाने ओळखीपाळखीत विकाव्यात, पण घेणाऱ्याने आधी टेबलाशी बसावे, कॉफी घ्यावी आणि नाव सांगावे. ते नाव माझ्या निळ्या शाळकरी वहीत लिहावे. वही मर्नाच्या खणात राहील, दुसरीकडे कुठेही जाणार नाही. तिच्यातले पहिले नाव मी स्वतः लिहिले आहे: डेन विक्सट्रॉम.

कलम ५. पियानो लेनोराचा. तो दर वर्षी सुरात लावून घेत आलो आहे. लेनोरा, तुझे बरोबर होते. हे तोंडाने म्हणायला मला तू समोर हवी होतीस.

कलम ६. घर, चाळीस एकर जमीन, आर्डिसचा पाककृतींचा डबा आणि उरलेले सर्व माझ्या नातीला. खूण: जन्म ९ एप्रिल १९९९, कपाळ आजीचे, आणि तिच्याजवळ दस्त्याला खोक पडलेली रायफल आहे. ती आली तर मर्नाने लायसन्स मागू नये. खुर्ची द्यावी, केक करावा, आणि तिच्या तोंडाकडे बघून विचारावे, "बाळ, तुझं नाव काय?" मी जिवंत असलो तर मी विचारीन. त्यात मर्नाने मध्ये पडू नये.

वकील म्हणाला, वारसाच्या नावाची जागा अशी कोरी ठेवता येत नाही. मी म्हणालो, सव्वीस वर्षं ठेवली की.

वरील सर्व वाचून, समजून, दोन ठिकाणी थांबून, सही केली.

वेंडेल ऑस्कर हॉगलुंड

आमच्यासमोर सही झाली. आम्हाला यातले काही मिळणार नाही, आणि आम्ही आमची नावे अंगठा न ठेवता पूर्ण लिहीत आहोत:
१. ग्लेनिस मारी ओपडाल, टपाल कचेरी
२. रॉस्को टी. फेंटन, न्हावी

स्थळ: कॉटनवूड फोर्क, माझे स्वयंपाकघर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

नातीचे नाव: ______________________
(मर्ना, स्पेलिंग तिलाच विचार.)