मुंगीचं खोकं आणि माझी तेलाची कुपी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढं वाकून). गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यावर तू हट्टाने वरच्या मजल्यावर राहायला गेलीस असं कळलं. शोभतं तुला. इकडे सगळे खुशाल. फक्त तुझी भावजय हल्ली दुपारभर शेजारी जाऊन बसते. का, ते सांगायलाच हे पत्र.

तर मी व्हायोलिन शिकतोय. हसून झालं की पुढे वाच. याला कारण मुंगी (माझी नात. सहा वर्षांची, बोलते कमी, पण एखाद्या गोष्टीला चिकटली की चिकटली). वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी लहान मुलांचा व्हायोलिनचा वर्ग भरतो. मुलं आठ, आणि बाईंचा नियम असा की प्रत्येक मुलाबरोबर घरचं एक मोठं माणूस शिकायला हवं. मुलांना सुरुवातीला व्हायोलिन देतच नाहीत. बिस्किटांचं रिकामं खोकं हनुवटीखाली आणि फूटपट्टी हातात! मोठ्या माणसाने पहिली चाल न चुकता वाजवून दाखवली, की त्या मुलाचं खोकं जातं आणि व्हायोलिन येतं. मुलगा आणि सूनबाई शनिवारी कामावर असतात, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हटलं, मी आहे ना! चाळीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केलेल्या माणसाला चार तारांचं काय एवढं?

ताई, नाकी नऊ आले. हनुवटीने दाबून धरलं तर मान आखडते, मान सोडली तर व्हायोलिन निसटतं, आणि ते सावरावं तर गज (केस ताणलेली ती काठी, तुला काय सांगतोय म्हणा, तू दोन वर्षं वाजवलं आहेस) शेजारच्याच्या चष्म्यात जातो. बेकरीवाला तिसऱ्या आठवड्यात पास झाला. दातांच्या डॉक्टरीणबाई चौथ्या. सातव्या आठवड्यात सात मुलांकडे व्हायोलिन आणि आमच्या मुंगीकडे खोकं. तक्रार नाही. तिने खोक्यावर पेन्सिलीने चार तारा काढल्या आणि एवढंच विचारलं, "आजोबा, तुमचं कधी होईल?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी मी चंग बांधला.

आता अडचण अशी की माझं व्हायोलिन फक्त करकरतं. आणि जे करकरतं ते कोरडं पडलेलं असतं, हे मी बाबांच्या दुकानात शिकलो, पुढे माझ्या दुकानात चाळीस वर्षं पाळलं. शुक्रवारी मशिनच्या तेलाचे दोन थेंब गजाच्या केसांना चोळले. करकर बंद! (बाकीचा आवाजही बंद झाला होता, पण दुरुस्तीत थोडं मागेपुढे व्हायचंच.) तुझी भावजय शेजारून आपण होऊन परत आली. एवढा गुण आल्यावर तो एकट्याने कसा ठेवायचा? शनिवारी वर्गात लवकर गेलो. मुलांचे सात गज खुंट्यांवर टांगलेले होते. प्रत्येकी दोन थेंब.

वर्ग सुरू झाला. बाईंनी हात वर केला, सात मुलांनी गज ओढले, आणि खोलीत नुसता पंखा ऐकू आला. बाईंनी आधी स्वतःचा कान चाचपला. बेकरीवाला म्हणाला, आज मुलं फारच छान वाजवतायत. तेव्हा मी उभा राहून, काहीशा अभिमानानेच, श्रेय घेतलं. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, केसांनी तार पकडायला हवी. म्हणून तर आपण त्यांना राळ लावतो. तेलाने केस नुसते घसरतात. मग हात कितीही चांगला असू दे, आवाज निघत नाही." घरी येईपर्यंत बाईंचं ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

पण हाय खाल्ली नाही. मुलांचे सात आणि माझा एक, असे आठही गज उचलले आणि वाद्यं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात चार दुपारी बसून नवे केस भरायला शिकलो. घोड्याच्या शेपटीचे केस विंचरायचे, टोकाला गच्च बांधायचे, लाकडाची बारीकशी पाचर ठोकायची. हे मात्र झटकन जमलं, कारण याला कान लागत नाही. मुलांचे गज परत गेले. राहिली ती चाल. बाईंनी मला येत्या शनिवारनंतरचा शनिवार दिलाय, आणि तो शेवटचा. नाहीतर मुंगी सहा महिन्यांनी पुढच्या तुकडीत, पुन्हा खोक्यापासून. ते मी होऊ देणार नाही. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास वाजवतो. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या आहेत, घेवोत. मी एकटा पुरून उरेन, मला कुणाच्या मदतीची गरज नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. मदत हवी आहे. या सोमवारपर्यंत ये. तळमजल्यावरची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवली आहे.

आणखी एक ता. क. शाळेच्या कार्यक्रमात तू व्हायोलिन घेऊन उभी राहिलीस आणि आवाजच निघाला नाही, तो दिवस आठवतो? सगळं सभागृह हसलं. घरी येऊन तू म्हणालीस, "माझ्या हातातच नाही ते," आणि व्हायोलिन कपाटावर टाकलंस ते कायमचं. ताई, तुझ्या हातात होतं. आदल्या दिवशी तुझा गज करकरत होता, म्हणून बाबांची कुपी आणून त्याला तेल मी लावलं होतं. आठ वर्षांचा होतो. तुझं सगळ्यांत छान वाजावं, एवढंच मनात होतं. मी काय केलं ते मला पन्नास वर्षांनी, परवा त्या वर्गात कळलं. मला माफ कर.

शेवटचा ता. क. आठांबरोबर एक नववा गज भरलाय. त्याला राळ लावून ठेवली आहे. त्या शनिवारी मुंगीचं मोठं माणूस म्हणून तू वाजव, मी खोकं घेऊन शेजारी उभा राहीन (शुक्रवारपर्यंत मला जमलं तर मात्र मीच वाजवणार). तेलाची काळजी करू नकोस. कुपी मुंगीने लपवली आहे आणि कुठे ते मला सांगत नाही.